घरातल्या बाईचं व्यसन : घरच्यांनी काय करावं आणि कोणत्या क्रमाने

पुरुषाचं व्यसन चार घरांना ठाऊक असतं. बाईचं व्यसन पुष्कळदा त्याच छपराखाली झोपणाऱ्यांनाही ठाऊक नसतं. ती वेळेवर उठते, मुलांना शाळेत धाडते, सासऱ्यांच्या गोळ्या मोजून देते आणि त्यातलीच एक पट्टी स्वतःसाठी बाजूला ठेवते. घर चालू असतं म्हणून कुणी काही विचारत नाही. मग एक दिवस घर बंद पडतं आणि सगळे एकदम विचारायला लागतात, तेही ओरडून.

हा लेख त्या विचारणाऱ्यांसाठी आहे : नवरा, आई, बहीण, दीर, कळत्या वयाचा मुलगा किंवा मुलगी. गर्द (म्हणजे हेरॉइनचा बाजारी प्रकार, ब्राउन शुगर), गांजा, उत्तेजक पावडरी, झोपेच्या आणि वेदनाशामक गोळ्या, खोकल्याची औषधं असं सगळं यात धरलं आहे. दारूही धरली आहे, कारण दारू वेगळी आणि ड्रग्ज वेगळे हा भेद आपण करतो, शरीर करत नाही.

आंतरराष्ट्रीय अंमली पदार्थ नियंत्रण मंडळाने २०१६ च्या वार्षिक अहवालात या प्रश्नावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिलं. जगात अंमली पदार्थ घेणाऱ्यांमध्ये साधारण एक तृतीयांश स्त्रिया आहेत, पण उपचार घेणाऱ्यांमध्ये मात्र त्या जेमतेम एक पंचमांश, असं त्यात म्हटलं आहे. मधल्या बायका कुठे राहतात? घरीच. मुलं काढून घेतील, नवरा टाकून देईल, माहेरची मान खाली जाईल, या तीन भीतींपायी. म्हणून पुढच्या पायऱ्यांचा क्रम मुद्दाम असा लावला आहे की आधी तिची भीती कमी व्हावी आणि मग गोळी सुटावी. बहुतेक घरं नेमकं उलटं करतात.

पायरी १ : नशा घरात कुठून शिरली ते समजून घ्या

वाईट संगत, पार्ट्या, चैन हे चित्र डोक्यातून काढून टाका. काही बायकांच्या बाबतीत ते खरं असतं, पण बायकांच्या व्यसनाची दोन दारं फार नेहमीची आहेत. एक दार जोडीदाराचं. तो घेत असतो, आणि तिला पहिल्यांदा देणाराही तोच असतो. सुई टोचायची असेल तर आधी त्याची पाळी, मग त्याच सुईने तिची. दुसरं दार डॉक्टरांच्या चिठ्ठीचं. पाठदुखी, अर्धशिशी, बाळंतपणानंतरची झोपमोड, घटस्फोटातली घालमेल यांवर दिलेली गोळी दुखणं संपल्यावरही चालूच राहते.

अमेरिकेचे एके काळचे राष्ट्राध्यक्ष जेरल्ड फोर्ड यांच्या पत्नी बेटी फोर्ड यांचं असंच झालं. मानेतली शीर दबली म्हणून १९६४ मध्ये वेदनाशामक गोळ्या सुरू झाल्या. पुढे त्यांच्या जोडीला शामक औषधं आणि दारू आली. १९७८ साली घरच्यांनी त्यांना समोर बसवून सांगितलं तेव्हा मधे चौदा वर्षं गेली होती. उपचारांनंतर त्यांनी हे जाहीरपणे बोलून दाखवलं आणि १९८२ मध्ये स्वतःच्या नावाचं उपचार केंद्र उभं केलं.

शरीराचाही भाग आहे. स्त्रीच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी आणि चरबीचं जास्त असतं, त्यामुळे तेवढ्याच दारूने तिच्या रक्तातलं अल्कोहोल पुरुषापेक्षा वर चढतं. झोल्पिडेम या झोपेच्या गोळीचा अंश सकाळपर्यंत बायकांच्या रक्तात जास्त उरतो, हे लक्षात आल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये स्त्रियांसाठी तिची सुरुवातीची मात्रा १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणली. ती गोळी बाजारात येऊन तेव्हा वीस वर्षं झाली होती, हे जाता जाता. शिवाय पहिल्या घोटापासून किंवा पहिल्या झुरक्यापासून पक्क्या व्यसनापर्यंतचा प्रवास बायकांमध्ये अनेकदा कमी काळात होतो. "दोनच तर वर्षं झालीत, एवढं काय," असं म्हणून हातावर हात ठेवून बसू नका.

पायरी २ : पंधरा दिवस पाहा आणि लिहून ठेवा

संशय आल्याबरोबर पर्स उलटीपालटी करू नका. पर्समध्ये काही सापडलं तर भांडण होतं, नाही सापडलं तर विश्वास जातो. आणि दोन्ही वेळा ती लपवायची नवी जागा शोधते. त्याऐवजी एका वहीत तारीख घालून साध्या गोष्टी टिपा. दुपारी कितीला झोपली, बोलताना जीभ जड होती का, औषधाची पट्टी ठरल्या दिवसाच्या आधी संपली का, एकाच महिन्यात दोन वेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आल्या का, बाथरूममध्ये वेळ जास्त जातो का, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसतात का, उन्हाळ्यातही लांब बाह्या का. पैशांत छोट्या रकमांची गळती असते; मोठी रक्कम एकदम फार कमी वेळा जाते.

एक सावधगिरी. थायरॉइडचा बिघाड, रक्त कमी होणं, नैराश्य, रजोनिवृत्तीचा काळ या सगळ्यांत बाई अशीच थकलेली, चिडचिडी, विसराळू दिसू शकते. अंगावरचे वळ सुईचे नसून मारहाणीचेही असू शकतात, आणि मारणारा घरातलाच असू शकतो. त्यामुळे वहीत फक्त दिसलं ते लिहा. निदान लिहू नका.

पंधरा दिवस कधी थांबायचं नाही? ती उठवूनही उठत नसेल, झटका आला असेल, नसलेलं दिसत-ऐकू येत असेल, जीव देण्याचं बोलत असेल किंवा लहान मूल तिच्या एकटीच्या ताब्यात असताना ती शुद्धीत नसेल, तर वही ठेवा आणि थेट दवाखाना गाठा.

पायरी ३ : 'आजपासून बंद' म्हणण्याआधी पदार्थ कोणता ते कळू द्या

या लेखातली एकच पायरी लक्षात ठेवायची म्हटली तर ही ठेवा. चांगल्या हेतूने केलेली सर्वांत धोकादायक चूक म्हणजे बाईला खोलीत बंद करून "चार दिवस त्रास होईल, मग सुटेल" म्हणणं.

रोज भरपूर दारू घेणारीची दारू एकदम तोडली तर शेवटच्या घोटानंतर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात काहींना भ्रम होतो, ताप चढतो, नाडी धावते. याला डॉक्टर डिलिरिअम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार झाले नाहीत तर त्यात माणूस दगावतो. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्या, म्हणजे डायझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम या जातीच्या, महिनोन्‌महिने घेऊन एकदम थांबवल्या तरी फिट येते. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोड्या थोड्या कमी करत, कधी कधी कित्येक महिने लावून उतरवायच्या असतात. म्हणजे ज्या गोळ्यांना घरात 'साधी झोपेची' म्हणतात, त्या सोडवणं गर्द सोडवण्यापेक्षा नाजूक काम असू शकतं.

गर्द आणि अफूच्या जातीच्या वेदनाशामकांचं चित्र वेगळं. शेवटच्या डोसनंतर ८ ते २४ तासांत नाकाडोळ्यांतून पाणी, जांभया, अंगदुखी, पोटात कळा, उलट्या, जुलाब सुरू होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते शिगेला पोचतात आणि आठवड्याभरात बरेचसे ओसरतात. यात धडधाकट माणसाच्या जिवाला सहसा धोका नसतो, पण अंगातलं पाणी कमी होण्याचा असतो. आणि हल्ली ते दिवस सोसायची गरजही नसते, कारण ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोनसारखी, अफूच्याच जातीची पण डॉक्टर मोजून देतात अशी औषधं आहेत. कोकेन, मेथ यांसारखी उत्तेजकं थांबवल्यावर शरीर फारसं तडफडत नाही. मन मात्र खोल खड्ड्यात जातं. त्या आठवड्यात तिला एकटं ठेवू नका, आत्महत्येचा विचार तेव्हाच डोकं वर काढतो.

पदार्थ कळणार कसा? विचारून. त्यासाठी पुढची पायरी.

पायरी ४ : बोलायचं, पण कसं

घरच्यांनी काय केलं की व्यसनी माणूस उपचाराला तयार होतो, यावर १९९९ मध्ये विल्यम मिलर, रॉबर्ट मायर्स आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उपचाराला नकार देणाऱ्या दारुड्यांच्या घरच्यांचे तीन गट केले होते. अल-अनॉन या आधारगटाच्या धर्तीवर चालणाऱ्या गटातल्या घरांमधली १३ टक्के पिणारी माणसं उपचाराला आली. सर्वांनी एकत्र बसून सामना करायचा, या पद्धतीत ३० टक्के. तिसऱ्या गटाला 'क्राफ्ट' नावाची पद्धत शिकवली, तिथे ६४ टक्के. अल-अनॉनचा हेतू मुळात घरच्यांना सावरण्याचा आहे, तेव्हा त्या आकड्यावरून त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. लक्षात घ्यायची गोष्ट अशी की समोर बसवून सुनावण्यापेक्षा दुप्पट यश तिसऱ्या पद्धतीला आलं.

तिसऱ्या पद्धतीत काय होतं? थोडक्यात, ती शुद्धीत असते तेव्हा तिच्याजवळ जा, बोला, बरोबर फिरायला जा. ती नशेत असते तेव्हा भांडू नका, समजूत घालू नका, शांतपणे बाजूला व्हा. नशेचे परिणाम तुम्ही निस्तरू नका. तिच्या ऑफिसात "तिला ताप आहे" असा खोटा फोन करू नका. आणि ती स्वतःच्या वागण्याने हादरलेली असते तो क्षण हेरून उपचाराचा विषय काढा. अपॉइंटमेंट आधी घेऊन ठेवा, कारण तो क्षण चोवीस तास टिकत नाही.

बोलण्याची वेळ सकाळची, ती उठून ताजी झाल्यावरची. बोलणारं माणूस एक. दहा नातेवाइकांची पंचायत भरवली की ती आरोपी होते. वाक्यं लहान ठेवा. नवऱ्याने म्हणावं असं काही :

"मंगळवारी पिंकी शाळेच्या फाटकात दीड तास उभी होती. तू झोपली होतीस, तुला जाग येत नव्हती. मला भीती वाटली. तू काय घेतेस ते मला सांगितलंस तर मी ओरडणार नाही. मला डॉक्टरांना नीट सांगता यायला हवं, एवढ्यासाठी विचारतोय."

यात तारीख आहे, घडलेली गोष्ट आहे, स्वतःच्या भीतीची कबुली आहे. "आई म्हणवतेस स्वतःला?" हे वाक्य यात नाही, आणि ते कधीच नको. या एका वाक्याने किती बायका पुन्हा बाथरूमची कडी लावून बसल्या असतील.

ती सर्वांत आधी नाकारेल. मग रडेल किंवा चिडेल. मग कधीतरी अर्धं सांगेल. अर्ध्यावर समाधान माना. "अजून काय काय घेतेस" ही चौकशी डॉक्टरांसाठी ठेवा. मुलांबद्दल मात्र त्याच बैठकीत साफ सांगा : "उपचाराला गेलीस म्हणून मुलं तुझ्यापासून तुटणार नाहीत. तू परत येईपर्यंत मी आणि ताई बघू." हे वचन खरोखर पाळायची तयारी असेल तरच द्या. मुलांच्या ताब्याचे कायदे देशागणिक वेगळे असतात, तेव्हा ती वेगळी राहत असेल किंवा घटस्फोटाचं चालू असेल तर आधी वकिलाला विचारून घ्या.

आणि तिला नशा आणून देणारा जोडीदार असेल तर? मग बोलणारी व्यक्ती तो नसावी. बहीण, आई, मैत्रीण, कुणीही, पण तो नाही. मारहाण होत असेल तर तिची राहण्याची सुरक्षित जागा आधी ठरवा आणि उपचाराचं नंतर. ती नशा सोडायला निघाली की काही जोडीदार जास्त हिंसक होतात, कारण हातातली दोरी सुटते.

पायरी ५ : उपचाराची जागा निवडताना

पहिल्या भेटीला मानसोपचारतज्ज्ञ असावेत, आणि सोबत ती वही. केंद्रात दाखल करायचं ठरलं तर पैसे भरण्याआधी तिथे स्वतः जाऊन पाहा. बायकांची राहण्याची आणि झोपण्याची सोय पूर्ण वेगळी आहे का? रात्रपाळीला बाई कर्मचारी असते का? डॉक्टर रोज येतात की आठवड्यातून एकदा? लहान मुलाला भेटू देतात का, अंगावर पिणारं बाळ असेल तर बरोबर ठेवू देतात का? बांधून ठेवणं, मारणं, उपाशी ठेवणं यांची 'शिस्त' म्हणून भलामण करणाऱ्या जागेतून उलट पावली फिरा. गाडी पाठवून माणूस उचलून नेण्याची सोय जे अभिमानाने सांगतात, त्यांच्याकडेही पाठ फिरवलेली बरी, असं माझं मत आहे.

नशा करणाऱ्या कित्येक बायकांच्या पाठीमागे लहानपणीचा किंवा लग्नातला अत्याचार असतो. नशा थांबली की दडपलेलं सगळं वर येतं. त्यासाठी बाई समुपदेशक असेल आणि पुरुषांपासून वेगळा असा बायकांचा गट असेल तर ती बोलते. मिश्र गटात ती पुरुषांच्या कहाण्या ऐकत गप्प बसते.

पहिल्या आठवड्यात एचआयव्ही आणि हेपटायटिस बी, सी यांच्या तपासण्या करून घ्या. हेपटायटिस सी आता ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी जवळजवळ सगळ्यांचा बरा होतो, त्यामुळे तपासणीला घाबरायचं कारण उरलेलं नाही. गरोदरपणाची चाचणीही तेव्हाच करा. गर्द आणि वेदनाशामकांनी पाळी अनियमित होते किंवा थांबते. बायकांना वाटतं, आता दिवस राहणार नाहीत. उपचार सुरू झाले की पाळी दिसायच्या आधीच बीज सुटू लागतं आणि नको असलेलं गरोदरपण येतं. गर्भनिरोधाचं बोलणं डॉक्टर काढत नसतील तर तुम्ही काढा.

पायरी ६ : ती गरोदर असेल तर

इथे घरच्यांची घाई सर्वांत जास्त असते आणि सर्वांत जास्त नुकसान तीच करते. गर्द घेणारीची नशा गरोदरपणात एकदम तोडायला जाऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की अफूजन्य पदार्थांचं व्यसन असलेल्या गरोदर स्त्रीला नशा सोडवण्याच्या आटापिट्याऐवजी मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिनवर स्थिर ठेवावं. "म्हणजे एक नशा सोडून दुसरी?" हा प्रश्न सासूबाई विचारतीलच. उत्तर असं की रस्त्यावरच्या पुडीत काय आणि किती आहे हे कुणालाच ठाऊक नसतं, आई दिवसातून तीनदा चढते-उतरते आणि तिच्याबरोबर पोटातलं बाळही. औषध मोजून मिळतं आणि दिवसभर एकसारखं राहतं.

अशा बाळाला जन्मानंतर त्रास होऊ शकतो : कर्कश रडणं, अंग थरथरणं, दूध नीट न ओढणं, सारख्या शिंका. गर्दाचा त्रास बहुधा पहिल्या दिवशीच दिसतो, मेथाडोनचा दोन-तीन दिवसांनी किंवा त्याहूनही उशिरा, म्हणून दवाखान्यातून घरी जायची घाई नको. मंद प्रकाश, शांतता, कुशीत घेणं, थोडं थोडं दूध यांनीच पुष्कळ बाळं शांत होतात. काहींना औषध लागतं. हे दुखणं बरं होतं. आणि त्या बाळाला 'व्यसनी बाळ' म्हणू नका. व्यसन म्हणजे नुकसान होताना दिसूनही शोधत जाणं. तान्हं मूल काय शोधणार? आई औषधावर स्थिर असेल, बाहेरची नशा करत नसेल आणि एचआयव्हीसारखी अडचण नसेल तर अंगावर पाजायलाही सहसा डॉक्टर प्रोत्साहनच देतात.

दारूने बाळाच्या होणाऱ्या नुकसानाची गोष्ट उलटी. १९७३ मध्ये अमेरिकेतल्या केनेथ जोन्स आणि डेव्हिड स्मिथ या डॉक्टरांनी दारू पिणाऱ्या आयांच्या मुलांमधली चेहऱ्याची ठेवण, खुंटलेली वाढ आणि बुद्धीवरचा परिणाम यांची सांगड घालून त्याला 'फीटल अल्कोहोल सिंड्रोम' असं नाव दिलं. हे नुकसान आयुष्यभराचं असतं, आणि गरोदरपणात दारूची सुरक्षित मात्रा कुणीही सांगू शकत नाही.

कोकेनबद्दल १९८० च्या दशकात अमेरिकेत असाच हलकल्लोळ झाला होता, अख्खी पिढी वाया जाणार म्हणून. फिलाडेल्फियातल्या डॉ. हॅलम हर्ट यांनी १९८९ पासून २२४ बाळांचा अभ्यास सुरू केला. निम्म्या बाळांच्या आया गरोदरपणात कोकेन घेणाऱ्या, निम्म्यांच्या तशाच गरीब वस्तीतल्या पण कोकेन न घेणाऱ्या. मुलं मोठी होईपर्यंत पाहिलं तेव्हा दोन गटांत फारसा फरक निघाला नाही. दोन्ही गट मागे होते, गरिबीमुळे. कोकेन निरुपद्रवी आहे असा याचा अर्थ नाही. त्याने वार (प्लासेंटा) आधीच सुटून आई आणि बाळ दोघांचा जीव जाऊ शकतो. पण "हे मूल वायाच जाणार" म्हणून जन्माआधीच कपाळाला हात लावणाऱ्या घरांना ही गोष्ट सांगाविशी वाटते.

पायरी ७ : मुलांना काय सांगायचं

सांगायचंच. मुलांना कळत नाही हा मोठ्यांचा सोयीचा समज आहे. त्यांना आईची पावलं ऐकून आजचा दिवस कसा जाणार हे कळतं.

व्हिन्सेंट फेलिट्टी आणि रॉबर्ट अँडा यांचा १९९८ चा अभ्यास बालपणीच्या आघातांवरचा फार महत्त्वाचा समजला जातो. मारहाण, लैंगिक अत्याचार यांच्याच यादीत त्यांनी 'घरात कुणी नशा करणारं असणं' धरलं होतं. असे आघात जितके जास्त, तितकं मोठेपणी नैराश्य, व्यसन आणि हृदयविकारापर्यंतच्या दुखण्यांचं प्रमाण जास्त, असं त्यात दिसलं. पण मुलाच्या आयुष्यात एक जरी स्थिर मोठं माणूस असलं तरी पुष्कळ वाचतं. ते माणूस कोण, हे घराने ठरवून टाकावं. आजी, काका, कुणीही. मात्र रोज ठरल्या वेळी हजर राहणारं.

सात-आठ वर्षांच्या मुलाला इतकं पुरतं : "आईला एक आजार आहे. त्यात तिला एक औषध थांबवताच येत नाही. ती बरी व्हायला डॉक्टरांकडे गेली आहे. हे तुझ्यामुळे झालेलं नाही, आणि तू शहाण्यासारखं वागलास म्हणून ते थांबणारही नाही. ते काम मोठ्यांचं." शेवटची दोन वाक्यं महिन्यातून एकदा तरी पुन्हा म्हणा. मुलं मनातल्या मनात हिशेब घालत असतात, 'मी पहिला नंबर काढला तर आई गोळ्या घेणार नाही' असा.

थोरल्या मुलीकडे विशेष लक्ष द्या. आई पडली की घर नकळत तिच्यावर येतं. धाकट्याला भरवणं, आईला अंथरुणावर नेणं, बाबांना खोटं सांगणं. लोक तिचं कौतुक करतात, "किती समजूतदार!" ते कौतुक तिच्यासाठी फार महाग असतं. तिला तिची कामं काढून घेतो आहोत असं सांगा आणि खरंच काढून घ्या. ती आधी रुसेल, कारण तेवढंच तिच्या हातात होतं.

पायरी ८ : पैसा, नातेवाईक

दागिने आणि ठेवी दोघांच्या सहीवर आणा, घरातली उरलीसुरली औषधं कुलपात ठेवा, कर्ज कुणाकुणाचं आहे याची यादी तिच्याबरोबर बसून करा. नातेवाइकांना एकच वाक्य ठरवून घ्या, "तब्येतीचे उपचार चालू आहेत," आणि सगळ्यांनी तेच म्हणा. शेजाऱ्यांना त्याहून जास्त सांगण्याचं कारण नाही.

पायरी ९ : ती घरी परत आल्यावर

व्हिएतनाम युद्धात गेलेले अनेक अमेरिकन सैनिक तिथे हेरॉइनच्या आहारी गेले होते. समाजशास्त्रज्ञ ली रॉबिन्स यांनी १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांचा पाठपुरावा केला. तिथे व्यसन जडलेल्यांपैकी मायदेशी आल्यावर पहिल्या वर्षात जेमतेम ५ टक्के पुन्हा व्यसनात सापडले. जागा बदलली, माणसं बदलली, पुडी आणि तलफ यांची गाठ सुटली. व्यसनी बाईचं नेमकं उलटं होतं. तिची युद्धभूमी घरातच असते आणि केंद्रातून ती तिथेच परतते : तीच खोली, तेच कपाट, तोच दुपारी तीनचा सन्नाटा. सगळं घर बदलता येत नाही, पण थोडं बदलता येतं. पलंगाची जागा हलवा, रिकाम्या दुपारी काहीतरी ठरलेलं लावा, नवरा घेत असेल तर त्याचेही उपचार त्याच महिन्यात सुरू करा. तो संध्याकाळी पेला घेऊन बसणार आणि तिने सोडायचं, हे चालत नाही.

तलफ कधी येते याची नोंद तिला स्वतःला ठेवू द्या, पाळीच्या तारखांसकट. उत्तेजक पदार्थांचा अंमल पाळीनंतरच्या पंधरवड्यात जास्त जाणवतो असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. काहींना पाळीआधीची उदासी ओढून नेते. दोन-तीन महिन्यांत तिचा स्वतःचा नकाशा तयार होतो.

घसरण होऊ शकते. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यसन संशोधन संस्थेच्या मते ४० ते ६० टक्के लोक पुन्हा घसरतात, आणि रक्तदाब किंवा दम्याच्या रुग्णांत उपचार सुटण्याचं, त्रास उलटण्याचं प्रमाणही साधारण तेवढंच. रक्तदाब वाढला म्हणून आपण कुणाला घराबाहेर काढत नाही. औषधं चालू ठेवा, डॉक्टरांना त्याच आठवड्यात भेटा.

गर्द आणि वेदनाशामकांच्या बाबतीत मात्र घसरण जीवघेणी असते, कारण काही आठवडे सुटल्यावर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. पूर्वी पचणारी मात्रा आता श्वास थांबवते. केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले आठवडे म्हणूनच सर्वांत धोक्याचे. नॅलोक्सोन हे उताऱ्याचं औषध १९७१ पासून वापरात आहे. नाकात मारायचा फवारा मिळत असेल तर घरात ठेवा आणि कसा वापरायचा ते दोघातिघांनी शिकून घ्या. ओठ निळे पडलेत, श्वास मिनिटाला चार-सहाच, घशात घरघर, हाक मारूनही हालचाल नाही, अशी दिसली तर आधी रुग्णवाहिका बोलवा, फवारा द्या, श्वास थांबला असेल तर तोंडाने श्वास द्या, चालू असेल तर कुशीवर वळवून ठेवा. फवाऱ्याचा असर ३० ते ९० मिनिटांत ओसरतो आणि नशा तोवर उरलेली असू शकते, म्हणून शुद्धीवर आली तरी दवाखान्यात न्यायचंच.

पायरी १० : सांभाळणाऱ्याने स्वतःचं काय करायचं

सांभाळणारी बहुतेक वेळा दुसरी बाईच असते : आई, बहीण, मुलगी. तिची झोप जाते, रक्तदाब चढतो, आणि कधी कधी तीही त्याच कपाटातली अर्धी गोळी घ्यायला लागते. आठवड्यातले दोन दिवस रात्रीची जबाबदारी दुसऱ्याकडे द्या. जवळ अल-अनॉनचा किंवा कुटुंबीयांचा दुसरा गट असेल तर चार बैठका तरी जाऊन या. दारूमुक्त झालेल्या एका माणसाची बायको लोइस विल्सन आणि तिच्या मैत्रिणीने १९५१ मध्ये अल-अनॉन सुरू केलं, ते याच थकव्यातून.

घरातली कामं बरी होणाऱ्या बाईकडे एकेक करून परत द्या. सगळी एकदम दिली तर ती चेपली जाते, एकही दिली नाही तर पाहुणी होते. आधी मुलांचा अभ्यास, मग घरखर्चाचा थोडा भाग, मग मुलांना एकटीने बाहेर नेणं. प्रत्येक टप्प्याला महिनाभर. औषधांच्या कपाटाची किल्ली सर्वांत शेवटी, आणि तेही तिच्याशी बोलून. वर्षभराने विचारलंत तर पुष्कळ जणी म्हणतात, "असू दे तुमच्याकडेच अजून." मग ती तिथेच असू द्यावी.